ग्रेनाडाची 'रेवो' आणि पॉइंट सलिन्सची धावपट्टी

बेट आणि कम्युनिस्ट क्रांती म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर क्युबाच येतो, पण त्याच कॅरिबियन समुद्रात त्याच्यापेक्षा कितीतरी लहान अशा एका बेटावर हे सगळं अवघ्या साडेचार वर्षांत सुरू होऊन संपलं, आणि ज्या पद्धतीने संपलं ते वाचताना अजूनही पोटात कालवतं. हे बेट म्हणजे ग्रेनाडा. क्षेत्रफळ 344 चौरस किलोमीटर, तेव्हाची लोकसंख्या एक लाखाच्या आसपास, आणि मुख्य पीक जायफळ. आपण पुरणात, श्रीखंडात किसून घालतो तेच जायफळ, त्यांच्या तर राष्ट्रध्वजावरही आहे.

सुरुवात एरिक गेरीपासून करावी लागते. 1951 मध्ये या माणसाने मळ्यांवरच्या मजुरांचा मोठा संप घडवला, गरिबांना तो आपला वाटायचा, आणि ते खरंही होतं. पण सत्ता हातात आल्यावर माणूस पार बदलला. 'मंगूस गँग' नावाची गुंडांची टोळी विरोधकांना बडवायची, सरकारी पैशाचा हिशोब नाही, आणि पुढे तर हा पंतप्रधान संयुक्त राष्ट्रांत जाऊन उडत्या तबकड्यांवर संशोधन करा म्हणून मागणी करत होता, इकडे लोकांना काम नाही. ब्रिटिशांकडून स्वातंत्र्य मिळालं 7 फेब्रुवारी 1974 ला. त्याच्या सतरा दिवस आधी, 21 जानेवारीला, राजधानी सेंट जॉर्जेसमध्ये गेरीविरोधात मोर्चा निघाला, पोलीस आणि गुंड त्याच्यावर तुटून पडले, बायकामुलं एका इमारतीत शिरली, आणि तिच्या दारात उभ्या राहिलेल्या रुपर्ट बिशप या माणसाला गोळी लागून तो तिथेच गेला. त्याचा मुलगा मॉरिस बिशप, लंडनला शिकून आलेला तरुण वकील. मॉरिस आणि त्याच्या साथीदारांनी 1973 मध्येच 'न्यू ज्युएल मूव्हमेंट' नावाची डाव्या विचारांची संघटना काढली होती. मला वाटतं बापाच्या मृत्यूनंतर मागे फिरायचा रस्ताच उरला नव्हता.

13 मार्च 1979 च्या पहाटे, गेरी न्यूयॉर्कला गेलेला असताना, पन्नासच्या आत माणसांनी ट्रू ब्लूच्या लष्करी बराकीवर हल्ला केला, रेडिओ स्टेशन ताब्यात घेतलं, आणि सकाळी बिशपचा आवाज ऐकून लोक रस्त्यावर आले. फारसं रक्त सांडलं नाही. लोक या क्रांतीला प्रेमाने 'रेवो' म्हणायचे.

महिन्याभरातच अमेरिकेच्या राजदूताने सांगितलं की क्युबाशी जवळीक आम्हाला चालणार नाही. बिशपने रेडिओवरून जाहीर उत्तर दिलं की आम्ही कुणाचं परसदार नाही, आणि विकाऊ तर नाहीच. हे लाखभर लोकांच्या देशाचा पंतप्रधान बोलतोय, लक्षात घ्या. आणि नुसतं बोलणं नव्हतं, मुलांना दूध, प्रौढांसाठी साक्षरता वर्ग, क्युबाहून आलेले डॉक्टर आणि दंतवैद्य, शिकायला परदेशी जाण्यासाठी स्कॉलरशिप, हे सगळं लोकांपर्यंत पोचलं होतं. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती लपवून ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. निवडणूक एकदाही घेतली नाही. विरोधातलं वर्तमानपत्र बंद केलं. माणसं खटल्याशिवाय तुरुंगात ठेवली. सोव्हिएत युनियन आणि क्युबाबरोबर शस्त्रांचे गुप्त करार केले. जानेवारी 1980 मध्ये सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात घुसल्यावरून संयुक्त राष्ट्रांत मतदान झालं तेव्हा भारत तटस्थ राहिला, ग्रेनाडाने मात्र सरळ सोव्हिएत बाजूने मत टाकलं. वॉशिंग्टनला आणखी काय पाहिजे होतं?

आता धावपट्टीचं बघू, कारण सगळं घोडं तिथे अडलं. जुना पर्ल्स विमानतळ बेटाच्या दुसऱ्या टोकाला, धावपट्टी आखूड, रात्री विमान उतरवायची सोय नाही, म्हणजे युरोप-अमेरिकेतला टुरिस्ट आधी बार्बाडोसला किंवा त्रिनिदादला उतरणार, मग छोट्या विमानाने इकडे येणार, मग डोंगरातल्या वळणांच्या रस्त्याने राजधानी गाठणार. जायफळावर देश किती दिवस चालवणार, टुरिझम हवाच होता. नव्या विमानतळासाठी पॉइंट सलिन्सची जागा ब्रिटिशांच्या काळात, 1950 च्या दशकातच सुचवलेली होती. बिशपने ते काम हाती घेतलं, सुमारे 9,000 फुटांची धावपट्टी, क्युबन मजूर आणि यंत्रं, पण कामात ब्रिटिश कंपनी होती, फ्लोरिडाची एक कंपनीसुद्धा होती. तरी 23 मार्च 1983 ला अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी टीव्हीवर या धावपट्टीचा हवाई फोटो दाखवला आणि विचारलं, ज्या देशाला हवाई दल नाही त्याला एवढी धावपट्टी कशाला? ('स्टार वॉर्स' म्हणून गाजलेलं भाषण ते हेच.) जूनमध्ये बिशप स्वतः वॉशिंग्टनला जाऊन आला, रेगन भेटले नाहीत.

पण रेवोचा गळा बाहेरच्यांनी आवळला नाही, ते घरातच झालं. उपपंतप्रधान बर्नार्ड कोअर्ड, हुशार अर्थतज्ज्ञ, पक्षाच्या शिस्तीचा कट्टर माणूस. सप्टेंबर 1983 मध्ये केंद्रीय समितीने ठराव केला की यापुढे बिशप आणि कोअर्ड दोघांचं संयुक्त नेतृत्व. बिशपने आधी हो म्हटलं, मग पूर्व युरोपच्या दौऱ्यात त्याचं मन बदललं, परत आल्यावर काही दिवसांत, 13 ऑक्टोबरला, त्याला नजरकैदेत टाकलं. लोकांना हे सहनच झालं नाही. 19 ऑक्टोबरला दुकानं बंद, शाळेतली पोरं युनिफॉर्मवर मोर्चात, 'नो बिशप, नो रेवो' अशा घोषणा, हजारोंचा जमाव त्याच्या घरी गेला आणि त्याला सोडवून घेऊन निघाला. ते गेले बंदरावरच्या फोर्ट रुपर्ट किल्ल्यावर, ज्याला रेवोने बिशपच्या वडिलांचं नाव दिलं होतं. तिथे सोव्हिएत बनावटीची चिलखती वाहनं आली, जमावावर गोळ्या सुटल्या, लोकांनी किल्ल्याच्या तटावरून उड्या टाकल्या. बिशप, शिक्षणमंत्री जॅकलिन क्रेफ्ट, परराष्ट्रमंत्री युनिसन व्हाइटमन आणि आणखी काही जणांना भिंतीला उभं करून मारलं. वडिलांच्या नावाच्या किल्ल्यात, आपल्याच सैनिकांकडून. मग लष्करप्रमुख जनरल हडसन ऑस्टिनने चार दिवसांची चोवीस तासांची संचारबंदी लावली, दिसेल त्याला गोळी. क्युबाच्या कॅस्ट्रोनेसुद्धा या हत्येचा जाहीर निषेध केला.

अमेरिकेला दार उघडंच मिळालं. 25 ऑक्टोबरला ग्रेनाडावर अमेरिकेचा हल्ला, 'अर्जंट फ्युरी', सुरू झाला, कारण सांगितलं तिथल्या मेडिकल कॉलेजातले अमेरिकन विद्यार्थी आणि शेजारच्या बेटांची विनंती. दोनच दिवस आधी बेरूतमध्ये 241 अमेरिकन जवान मारले गेले होते, त्याचा संबंध किती यावर अजून वाद होतात. सात हजारांच्या आसपास अमेरिकन सैनिक, त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात टुरिस्ट नकाशे. 19 अमेरिकन गेले, दोन डझन क्युबन, ग्रेनाडाचे 45 सैनिक आणि 24 नागरिक, त्यातले बरेचसे चुकून बॉम्ब पडलेल्या मनोरुग्णालयातले पेशंट. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 108 विरुद्ध 9 मतांनी हल्ल्याचा निषेध केला. ग्रेनाडात मात्र अनेकांनी सैनिकांचं स्वागत केलं, आणि त्या संचारबंदीनंतर ते समजूही शकतं.

महिन्याभराने, नोव्हेंबरमध्ये, राष्ट्रकुल प्रमुखांची परिषद दिल्लीत भरली, यजमान इंदिरा गांधी, आणि अनौपचारिक बैठकीसाठी सगळे गोव्यात आग्वादला आले. हल्ल्यात सामील झालेले कॅरिबियन देश आणि विरोध करणारे देश एकाच परिषदेत होते. शेवटी ठरलं की दोषारोप नको, पुनर्बांधणी बघू, आणि लहान देशांच्या सुरक्षेचा अभ्यास करायचंही तिथेच ठरलं.

बिशपच्या हत्येबद्दल कोअर्ड आणि साथीदारांना 1986 मध्ये फाशीची शिक्षा झाली, 1991 मध्ये ती जन्मठेप झाली, शेवटचे कैदी 2009 मध्ये सुटले. धावपट्टी 1984 मध्ये पूर्ण झाली, अमेरिकेच्याच पैशाने, आणि मे 2009 पासून त्या विमानतळाला मॉरिस बिशपचं नाव आहे. 25 ऑक्टोबरला तिथे थँक्सगिव्हिंगची सुट्टी असते, आणि 2023 पासून 19 ऑक्टोबरलाही राष्ट्रीय वीरांच्या नावाने सुट्टी असते. बिशपचं शव आजवर सापडलेलं नाही.