हजार यार्डांचा नेम आणि १५६ ग्रेनची मर्यादा : पार्श्वभूमी

रायफल पेलणारा पट्टा दंडाला बांधून, दुर्बिणीविना आणि पालथे झोपून ८०० ते १००० यार्डांवर नेम साधण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ७.६२ मिमी काडतुसातील गोळीचे वजन १५६ ग्रेनच्या (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) आत असावे लागते. वेग किती वाढवायचा आणि त्यासाठी अचूकतेचा किती बळी द्यायचा, हा या खेळातील जुना वाद गेली तीन दशके मुख्यतः याच नियमाभोवती फिरत आहे.

त्याआधीची परिस्थिती निराळी होती. १८७४ मध्ये अमेरिकेतील क्रीडमूर येथे आयरिश आणि अमेरिकन संघांची गाजलेली लढत झाली, तेव्हा काळ्या दारूवर चालणाऱ्या रायफलींतून ५०० ग्रेनच्या आसपासची जड शिशाची गोळी सेकंदाला साधारण १३०० फूट वेगाने सुटत असे. ध्वनीचा वेग सुमारे ११२० फूट असल्याने ती वाटेतच त्याच्या खाली येई आणि तरीही हजार यार्डांवर समाधानकारक गट (लक्ष्यावर जवळजवळ बसलेल्या गोळ्यांचा पुंजका) पडत. पुढे धूरविरहित दारू आली, १९०५ च्या सुमारास सैन्यांनी हलकी, टोकदार आणि वेगवान गोळी स्वीकारली, आणि लष्करी काडतुसावर पोसलेल्या या खेळाला तीच सवय लागली.

अडचण उघड झाली ती ७.६२ मिमीच्या लष्करी काडतुसामुळे. त्यातील सुमारे १४७ ग्रेनची गोळी हजार यार्डांपर्यंत पोहोचताना ध्वनिवेगाच्या सीमेवर येते. या टप्प्यावर गोळीवरील हवेच्या दाबाचे केंद्र सरकते, ती डगमगू लागते, आणि मैदानावर ६०० यार्डांपर्यंत देखणा गट देणारी रायफल शेवटच्या टप्प्यात कारण न कळता विखुरलेले नेम देते. म्हणून १९९२ मध्ये न्यू मेक्सिकोतील रॅटन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेसाठी १५५ ग्रेनची खास गोळी तयार करण्यात आली आणि वजनाची मर्यादा त्याच आकड्याशी जोडली गेली. गंमत अशी, की रॅटनचे मैदान समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत या गोळीला वेग टिकवणे सोपे गेले, पण इंग्लंडमधील बिस्लेसारख्या सखल मैदानांवर तीच गोळी जेमतेम ध्वनिवेगावर राहते.

मर्यादेच्या समर्थकांचे म्हणणे असे, की सर्वांची गोळी सारखी असली की वारा वाचण्याचे कसब निर्णायक ठरते, आणि पट्ट्यावर पेललेल्या रायफलीचा धक्काही आटोक्यात राहतो. हा युक्तिवाद रास्त आहे, पण त्याची किंमत नळीला मोजावी लागते. हलकी गोळी हजार यार्डांपर्यंत ध्वनिवेगाच्या वर ठेवायची तर ती सेकंदाला २९०० ते ३००० फूट वेगाने सोडावी लागते. त्यासाठी ३० इंच किंवा त्याहून लांब नळ्या आल्या आणि काडतुसातील दाब वाढत गेला. ज्यांना स्वतः काडतुसे भरण्याची मुभा असते, ते दारू ग्रेनच्या दशांशाने वाढवत नेतात. दारू पेटवणारी टोपी चपटी दिसू लागली किंवा पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या) बुडावर चकाकणारा ठसा उमटला, म्हणजे दाब जास्त झाला, की तिथे थांबायचे असते, आणि सर्वांत अचूक भरणा बहुधा त्याच्या बराच अलीकडे सापडतो. हजार यार्डांवर वेगातील १० फुटांचा फरक साधारण तीन ते चार इंचांची उभी चूक देतो. अमेरिकन लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ २० इंचांचे असल्याने वेगात ५० फुटांची तफावत असणारे काडतूस एकट्यानेच ते वर्तुळ जवळपास खाऊन टाकते. इथे सरासरी वेगापेक्षा सातत्य महत्त्वाचे ठरते, हे वेगवेड्यांना उशिरा पटले.

(उलट मार्गही अस्तित्वात आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील नेमबाजाने ज्या ५० मीटर प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यातील .२२ ची स्पर्धा-काडतुसे मुद्दामच ध्वनिवेगाच्या किंचित खाली ठेवलेली असतात. सीमा ओलांडण्याचा प्रश्नच उरत नाही.)

दरम्यान कॅनडात, नजर मंदावलेल्या ज्येष्ठ नेमबाजांना खेळता यावे म्हणून दुर्बीण आणि टेकूची परवानगी देणारा प्रकार सुरू झाला होता. त्याच्या ७.६२ मिमीच्या शाखेत गोळीच्या वजनावर बंधन नाही. तिथे नेमबाज हळूहळू २०० ग्रेनच्या आसपास पोहोचले. ही गोळी १५५ ग्रेनच्या गोळीपेक्षा सुमारे ३०० फूट कमी वेगाने सुटते, पण लांब आणि निमुळत्या आकारामुळे हवेत कमी अडते. त्यामुळे लक्ष्यावर ती अधिक वेगाने पोहोचते आणि वाराही तिला कमी ढकलतो. जड गोळी स्थिर ठेवण्यासाठी नळीतील आट्यांचा (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांचा) पीळ अधिक घट्ट घ्यावा लागतो आणि धक्का वाढतो, पण टेकूवर तो सोसवतो.

पट्ट्याच्या स्पर्धांनी मर्यादा कायम ठेवली आहे. गोळी बनवणाऱ्यांनी मात्र वजन तेवढेच ठेवून नाक लांबवले आणि शेपूट निमुळती केली, आणि नियमाच्या शब्दांत मावेल अशी १५५.५ ग्रेनची गोळीही बाजारात आणली.