मातीतील जिवाणूंमधून प्रतिजैविकांचा शोध (विदर्भ)

वावर, जंगल किंवा तळ्याकाठच्या मातीतले जिवाणू वेगळे काढून, ते रोगजंतूंना रोखणारी द्रव्ये बनवतात का हे तपासण्याचे काम. आज दवाखान्यात वापरली जाणारी बरीच प्रतिजैविके मातीतल्या ॲक्टिनोमायसीट या जिवाणूगटातून, त्यातही स्ट्रेप्टोमायसिस प्रजातीतून आली आहेत. अमेरिकेतील रटगर्स येथे सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत ॲल्बर्ट शॅट्झ यांनी १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन मिळवले. क्षयावर गुणकारी ठरलेले ते पहिले प्रतिजैविक. लिंबूवर्गीय झाडांवरच्या खैऱ्या रोगासाठी आणि कपाशीच्या करप्यासाठी फवारल्या गेलेल्या, स्ट्रेप्टोमायसिन असलेल्या स्ट्रेप्टोसायक्लिनमुळे विदर्भातल्या शेतकऱ्यालाही ते ठाऊक झाले. महाराष्ट्रातले ठळक उदाहरण पिंपरीचे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये तिरुमलाचार यांच्या गटाने बुरशीनाशक हॅमायसिन शोधले आणि ते देणाऱ्या जिवाणूच्या नावातच गाव आले : स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

विदर्भात या शोधाला मोठा वाव आहे, कारण इथली माती एकसारखी नाही. पश्चिमेकडची काळी माती बेसाल्टपासून बनलेली, चिकण आणि किंचित अल्कधर्मी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ॲक्टिनोमायसीटना अशी माती मानवते आणि त्यांचे बीजाणू कोरड सोसून टिकतात. मृगाच्या पहिल्या सरीनंतर वावरातून येणारा वास जिओस्मिन या द्रव्याचा; ते बनवण्यात स्ट्रेप्टोमायसिसचा वाटा मोठा असतो. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णेचा खारपाणपट्टा यापेक्षा वेगळा, तर लोणारचे सरोवर त्याहून टोकाचे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या विवरातल्या खाऱ्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो आणि तिथे अल्कप्रिय जिवाणूच तग धरतात. पूर्वेला भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांचा गाळ आणि गडचिरोलीच्या बांबूवनातला पालापाचोळा ही आणखी निराळी घरे.

नमुना घेताना वरचा काडीकचरा बाजूला सारून १०-१५ सेंटिमीटर खालची माती निर्जंतुक चमच्याने पिशवीत भरतात. खत-फवारणी पोचत नाही असा धुरा (बांध) किंवा जुन्या झाडाचे मूळ निवडणे चांगले. माती सावलीत वाळवून थोडी तापवली की इतर बरेच जिवाणू मरतात आणि चिवट बीजाणू उरतात. मग ती पाण्यात टप्प्याटप्प्याने विरळ करून स्टार्च-केसिनच्या आगरवर (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर) पसरतात. साधे जिवाणू एका दिवसात उगवतात. ॲक्टिनोमायसीटसाठी एक-दोन आठवडे थांबावे लागते. त्यांच्या वसाहती कोरड्या, खडूच्या चुऱ्यासारख्या दिसतात, आगरात रुतून बसतात, सुईने सहज निघत नाहीत. अशा वसाहतीची रेघ ओढून ती काही दिवस वाढू देतात आणि मग तिला काटकोनात स्टॅफिलोकॉकस किंवा ई. कोलाय या चाचणीच्या जिवाणूंच्या रेघा मारतात. दुसऱ्या दिवशी या रेघा अलीकडेच थांबल्या, मध्ये स्वच्छ पट्टा राहिला, तर काहीतरी हाती लागले.

एवढे काम तालुक्याच्या महाविद्यालयातही होते. खरी कसोटी पुढे : मिळालेले द्रव्य नवे आहे की जुनेच? स्ट्रेप्टोमायसिनसारखी द्रव्ये जगभरच्या मातीत पुन्हा पुन्हा सापडतात, आणि त्यांची ओळख पटवायला महागडी यंत्रे लागतात. जे द्रव्य नवे निघते, तेही अनेकदा माणसाच्या पेशींना घातक ठरते. म्हणूनच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपन्यांनी मातीकडे पाठ फिरवली. ती घाई झाली असे मानायला सबळ कारण आहे. मातीतले बहुसंख्य जिवाणू प्रयोगशाळेच्या बशीत वाढतच नाहीत. आयचिप या उपकरणाने त्यांना मातीतच वाढवून २०१५ मध्ये टेक्सोबॅक्टिन मिळवले गेले. २०२५ मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने जाहीर केलेले लॅरिओसिडिन घरामागच्या अंगणातल्या मातीतून आले. तो जिवाणू मिळवण्यासाठी वसाहती सुमारे वर्षभर संथपणे वाढू दिल्या होत्या. शिवाय २००२ मध्ये वाचलेल्या स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरच्या जनुकसंचात प्रतिजैविकांसारखी विशेष द्रव्ये बनवणारे २० हून अधिक जनुकगट आढळले. त्यांपैकी बहुतेकांची द्रव्ये तोवर कुणाला माहीत नव्हती.

ही माती कुणाची, या प्रश्नाला कायद्यानेही हात घातला आहे. जैवविविधता अधिनियम, २००२ सूक्ष्मजीवांनाही जैविक संसाधन मानतो आणि व्यापारी वापरातून होणाऱ्या लाभात वाट्याची तरतूद करतो. राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे. गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. लोक जैवविविधता नोंदवहीत झाडे, पशुपक्षी लिहिले जातात. तसेच मातीचा नमुना नेणाऱ्याने गाव, गट क्रमांक, पीक आणि तारीख लिहून त्याची एक प्रत समितीकडे ठेवली, तर पुढे औषध निघाल्यास गावाला आपला हक्क दाखवायला आधार मिळतो.