थोर रात्री काय करतो?

‘ही रोपं रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतात, उशाशी ठेवा’ हा मजकूर गेल्या आठवड्यात पुन्हा माझ्यापर्यंत आला. यादीत स्नेक प्लांट होतं, कोरफड होती. दावा चुकीचा आहे. पण अशा झाडांमध्ये रात्री काहीतरी घडतं हे खरं, आणि ते बघायला आपल्या डोंगरावरचा थोर पुरेसा आहे.

वैशाखात गडाच्या कातळउतारावर गवत पार करपलेलं असतं, थोर मात्र हिरवा. पावसाळ्यात शेंड्याला आलेला पानांचा झुबका गळून गेलेला असतो. उरतं ते जाडजूड मांसल खोड आणि उंचवट्या-उंचवट्यावर काट्यांची जोडी. याला सर्रास कॅक्टस म्हणतात. कॅक्टस मूळचे अमेरिकेतले, आपला फड्या निवडुंगही तिकडूनच आलेला. थोर एरंडाच्या कुळातला. खरचटला की पांढरा चीक गळतो. (डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, जपा.)

पानं नाहीत, तर अन्न हिरवं खोडच बनवतं. त्यासाठी कार्बन डायऑक्साइड हवा आणि तो आत घ्यायला रंध्रं, म्हणजे सालीवरची सूक्ष्म छिद्रं, उघडावी लागतात. उन्हात उघडली की पाणी उडून जातं. म्हणून थोर ती रात्री उघडतो, हवा गार असताना. पण रात्री उजेड नाही, साखर बनणार कशी? तर पेप कार्बोक्सिलेज नावाचं विकर (एन्झाइम) त्या वायूचा कार्बन पकडतं, त्यापासून मॅलिक आम्ल बनतं आणि पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, साठतं. उजाडलं की रंध्रं बंद. आम्लातून कार्बन डायऑक्साइड आतल्या आत सुटतो आणि रुबिस्को नावाचं दुसरं विकर त्याची साखर करायला घेतं. एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवताना गहू-भातासारखं पीक साधारण 400 ते 500 ग्रॅम पाणी गमावतं, थोरासारखं झाड 50 ते 100.

ऑक्सिजन पाण्याचा रेणू फुटून निघतो आणि त्याला उजेडच लागतो. म्हणून रात्री तो नाही.

याची चव भारतातच कुणीतरी घेतली होती. वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांनी रात्री असंच काम करणाऱ्या पानफुटीचं पान चाखलं, सकाळी ते चुक्यासारखं आंबट, दुपारी बेचव. त्यांचं पत्र 1815 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीनं छापलं. रात्रभर साठलेलं आम्ल दिवसा खर्ची पडत होतं!

काही ठिकाणी वीज पडू नये म्हणून थोर छपरावर ठेवतात. विजेला तो अडवत नाही. मात्र तापलेल्या छपरावर, फुटक्या डब्यातल्या मूठभर मातीत तो वर्षानुवर्षं तगतो, तो या रात्रीच्या कामामुळे.