रिपोर्ट नॉर्मल, तरी मूल का होत नाही?

वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या, हालचाल, आकार सगळं ठीक निघालं की ‘नवऱ्यात दोष नाही’ असं ठरून जातं आणि पुढच्या तपासण्या, इंजेक्शनं, टोमणे बायकोच्या वाट्याला येतात. हे घाईचं आहे. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही काही कारण असतं, आणि नेहमीच्या तपासणीत शुक्राणूतल्या डीएनएची अवस्था कळत नाही.

शुक्राणूचं डोकं असतं जेमतेम 5 मायक्रॉनचं. त्यात 23 गुणसूत्रं मावावीत म्हणून डीएनएला गुंडाळणारी बहुतेक हिस्टोन प्रथिनं काढून तिथे त्याहून घट्ट गुंडाळणारी प्रोटामिन प्रथिनं घातली जातात. ही अदलाबदल होताना डीएनएचे धागे जागोजागी तोडून पुन्हा सांधले जातात. काही वेळा सांधायचं राहून जातं. त्यात शुक्राणूने आपला बहुतेक पेशीद्रव, त्यातल्या दुरुस्तीच्या सामग्रीसकट, टाकून दिलेला असतो, त्यामुळे पुढच्या प्रवासात ऑक्सिजनच्या आक्रमक रेणूंनी डीएनए तोडला तर दुरुस्ती त्याच्या हातात उरत नाही.

ती दुरुस्ती करतं स्त्रीबीज, तेही एका मर्यादेपर्यंतच. म्हणूनच असा शुक्राणू फलन घडवू शकतो. पहिले दोन दिवस गर्भ स्त्रीबीजातल्या शिदोरीवर वाढतो. चार ते आठ पेशींच्या सुमारास त्याची स्वतःची जनुकं जोमाने कामाला लागतात, आणि वडिलांकडून आलेली मोडतोड तेव्हा भोवू शकते: वाढ थांबते, किंवा पुढे गर्भपात होतो. वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईला दोष देणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

सिगारेट, वृषणाच्या शिरा फुगणं म्हणजे व्हेरिकोसील, जंतुसंसर्ग, सततची उष्णता, वाढतं वय यांनी ही तुटफूट वाढते. ती मोजणारी डीएनए फ्रॅगमेंटेशन तपासणी जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या वीर्यतपासणी पुस्तिकेत आहे, पण नेहमीच्या नव्हे, विस्तारित तपासण्यांमध्ये. माझ्या मते तेच योग्य. वारंवार गर्भपात झाले असतील किंवा वंध्यत्वाचं कारणच सापडत नसेल, तर ती जरूर करावी. सरसकट प्रत्येकाला लावू नये. ऑक्सिजनचे आक्रमक रेणू आवरण्यासाठी दिल्या जाणाऱ्या अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा उपयोग होतो याचा पुरावाही अजून कच्चाच आहे.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात, शिवाय बाहेर पडेपर्यंतच्या प्रवासाचा वेळ वेगळा. म्हणून सिगारेट सोडल्यावर किंवा व्हेरिकोसीलच्या ऑपरेशननंतर फेरतपासणी किमान तीन महिन्यांनी करावी. पंधरा दिवसांत केली, तर जुनेच शुक्राणू मोजले जातात.