पार्श्वभूमी : मुंबईच्या मैफलीत तिची बैठक

मार्च महिना लागला की मुंबईच्या नाट्यगृहांबाहेर ‘ती’च्या नावाने गाण्यांचे फलक लागतात. 8 मार्चच्या आगेमागे विलेपार्ल्यापासून दादरपर्यंत कुठे ना कुठे स्त्री कलाकारांची मैफल असतेच. बायका मैत्रिणींसोबत तिकीट काढून जातात, गजरे माळून जातात आणि मध्यंतरात वडा खात गाण्यावर बोलतात. हे आता इतकं अंगवळणी पडलंय की यातली एकेक गोष्ट मिळवावी लागली होती, हे लक्षातही येत नाही. बाई गात होती ती पूर्वीपासूनच. प्रश्न होता तो ती कुठे बसून गाते आणि समोर कोण बसतं, याचा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत स्त्रीचं गाणं ऐकायचं तर ते बहुतेक खासगी दिवाणखान्यात. गोव्याहून आलेल्या कलावंत घराण्यांतल्या अनेक गायिका गिरगाव परिसरात राहत होत्या. शेठसावकार त्यांना बोलावत, बिदागी देत, वाहवा करत आणि त्याच गाण्याला आपल्या घरातल्या लेकीसुनांपासून लांब ठेवत. त्या काळातलं मोठं नाव म्हणजे अंजनीबाई मालपेकर. 1883 मध्ये गोव्यात जन्मलेल्या अंजनीबाईंना नझीर खाँसाहेबांची तालीम मिळाली. खाँसाहेब आणि त्यांचे भाऊ भेंडीबाजारात राहत, म्हणून त्या वस्तीच्याच नावाने घराणं ओळखलं गेलं. अंजनीबाईंच्या गाण्याइतकीच त्यांच्या रूपाची चर्चा झाली. आणि 1920 च्या दशकात, आवाज पिकलेला असताना, त्यांनी जाहीर गाणं थांबवलं. 1958 मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. तोवर त्यांना मैफलीतून उठून तीनेक दशकं लोटली होती.

त्याच 1920 च्या दशकात चित्र हलू लागलं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1908 मध्ये गांधर्व महाविद्यालय मुंबईत आणलं होतं. गाणं दिवाणखान्यातून सभागृहात यावं, तिथे शिस्त असावी, कुटुंबासह ऐकता यावं, ही त्यांची धडपड. या वातावरणात हीराबाई बडोदेकर पुढे आल्या. अब्दुल करीम खाँसाहेब आणि ताराबाई माने यांची ही मुलगी. तिकीट लावून शास्त्रीय संगीताचा जाहीर जलसा करणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. मला या तिकिटाचं मोल फार मोठं वाटतं. बिदागी देणारा यजमान असतो, गाणं कधी थांबवायचं ते तो ठरवू शकतो. तिकीट काढणारा मात्र नुसता श्रोता असतो आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर त्याची बायको, बहीण, आई बसू शकते.

घराघरातली दारं मात्र सहज उघडली नाहीत. 23 जुलै 1927 रोजी मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं आणि खुर्शीद व माणेक या होमजी भगिनींचं गाणं घरोघरी पोचलं. रेडिओपुरतं ते चाललं. त्या बॉम्बे टॉकीज या चित्रपटसंस्थेत गेल्या तेव्हा पारशी समाजात मोठा गहजब झाला. शेवटी खुर्शीदची सरस्वती देवी झाली, माणेकची चंद्रप्रभा. 1935 पासून चित्रपटांना संगीत देणाऱ्या खुर्शीदला स्वतःच्या नावाने काम करता आलं नाही. कलावंतांच्या लेकींवर तर आणखी वेगळा वार झाला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, ज्यांचं खासगी आयुष्य ‘बोभाटा’ ठरतं अशा गायिकांना रेडिओवर घ्यायचं नाही, असं सरकारी धोरण आलं. ज्या बायकांनी हे संगीत जपलं, त्यांच्याकडेच चारित्र्याचा दाखला मागितला गेला.

तरीही या शहरात गाणं बहरलं ते त्यांच्यामुळेच. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर सोडून मुंबईला आले आणि त्यांची अवघड गायकी दोन गोमंतकीय स्त्रियांनी पेलली, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर. केसरबाई मानी होत्या, आपल्या अटींवर गात, ध्वनिमुद्रणाला सहसा तयार होत नसत. 5 सप्टेंबर 1977 रोजी अमेरिकेचं व्हॉयेजर 1 यान त्यांची ध्वनिमुद्रित भैरवी घेऊन अवकाशात झेपावलं. त्यानंतर अकराच दिवसांनी केसरबाई गेल्या. मोगूबाईंची वाट आणखी खडतर. नाटक कंपनीत बालपण गेलेलं, अकाली वैधव्य, पदरात तीन मुलं. शिकवण्या आणि कार्यक्रम यांवर त्यांनी घर चालवलं.

आईबरोबर तानपुरा घेऊन जाणाऱ्या त्यांच्या लेकीने, किशोरी आमोणकरांनी, ते सगळं पाहिलं. तिसऱ्या वर्गाचा प्रवास, कुणाच्या तरी घरी उतरणं, तुटपुंजी बिदागी, हे त्यांनी पुढे मुलाखतींतून बोलून दाखवलं. आपल्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. मैफलीत त्या श्रोत्यांवर रागावत, कुजबुज खपवून घेत नसत, त्याला लोक विक्षिप्तपणा म्हणाले. मला तो आईच्या वतीने मागितलेला मान वाटतो. आणखी एक धागा इथे जुळतो. किशोरीताईंनी अंजनीबाईंकडेही तालीम घेतली होती. जाहीर गाणं सोडलेल्या बाईंचा सूर असा पुन्हा मंचावर आला. अंजनीबाई, केसरबाई, मोगूबाई आणि मग किशोरीताई, केसरबाईंच्या शिष्या धोंडूताई. ‘बाई’ हा आपल्याकडे आदराचाच शब्द, शाळेतल्या बाईंनाही आपण तेच म्हणतो. पण गाणारणीच्या नावापुढे तो आला की सूर बदलायचा. ‘ताई’ म्हणजे घरातली. श्रोत्यांनी हे नातं जोडायला दोन पिढ्या घेतल्या.

गिरणगावात हिशेब निराळा होता. तिथे हनुमान थिएटरमध्ये कामगार लावणी ऐकायला गर्दी करत. 1948 मध्ये मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, पुढे संहिता तपासून घेण्याच्या अटीवर ती उठली. गिरगावात जन्मलेल्या सुलोचना चव्हाणांनी ठसक्याची लावणी डोक्यावर पदर घेऊन गायली आणि ती मध्यमवर्गीय घरांत नेली. मात्र पायात चाळ बांधून तमाशाच्या बारीत नाचगाणं करणाऱ्या बायकांच्या वाट्याला तो मान तितका आला नाही, हे विसरून चालणार नाही.

1975 मध्ये स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने वेगळंच दार उघडलं. ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ 1983 मध्ये आलं आणि त्यातली गाणी वस्त्यावस्त्यांत पोचली. ती गायला कुणाची तालीम लागत नव्हती. समोर बसलेल्या बायकाही सूर धरत.

साथीच्या जागा सर्वांत उशिरा मिळाल्या. गाणारी बाई असली तरी तबल्यावर, पेटीवर पुरुषच असायचा. मुंबईत आबान मिस्त्रींनी तबला हाती घेतला आणि एकल वादन केलं, झरीन दारूवालांनी सरोद. 1996 मध्ये अनुराधा पाल यांनी ‘स्त्री शक्ती’ हा वाद्यवृंद उभा केला, त्यात सगळ्याच जणी. या मार्चमध्ये कुठल्याही मैफलीला गेलात तर गायिकेच्या डाव्याउजव्या हाताला कोण बसलंय ते जरूर पाहा. बऱ्याच ठिकाणी तिथे अजूनही पुरुषच दिसेल.