मार मेंदूला, साक्ष हृदयाची

डोक्याला जबर मार लागलेला रुग्ण अतिदक्षता विभागात बेशुद्ध पडून असतो, तेव्हा जवळच्यांची नजर मॉनिटरवरच्या एकाच आकड्यावर खिळते: मिनिटाला ठोके किती. तो ७०च्या घरात दिसला की हायसं वाटतं. पण ही सरासरी आहे, आणि सरासरीत बरंच काही झाकलं जातं. मिनिटाला ६० ठोके म्हणजे दर सेकंदाला नेमका एक ठोका, असं नसतं. निरोगी तरुण माणूस शांत पडलेला असताना त्याच्या ईसीजीवर लागोपाठच्या ठोक्यांमधलं अंतर मोजलं, तर ९२० मिलिसेकंद, मग ९९०, मग १०६०, पुन्हा ९८० असं काहीतरी निघतं. श्वास आत घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांब जातात. या कमीजास्त होण्याला डॉक्टर ‘एचआरव्ही’ (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, म्हणजे ठोक्यांची परिवर्तनशीलता) म्हणतात. गंभीर आजारी माणसात ही चढउतार नाहीशी होऊन ठोके अगदी एकसारखे पडू लागले, तर ते चांगलं लक्षण नव्हे.

हृदयाला धडधडायला मेंदूची गरज नसते. उजव्या कर्णिकेतला सायनस नोड स्वतःच विद्युत-संदेश तयार करतो आणि त्याला मोकळं सोडलं तर तो मिनिटाला साधारण १०० ठोके देतो. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात. ते खरोखरच त्या वेगाने, जवळजवळ एकाच चालीत चालतं. आपली नाडी विश्रांतीत ६०-७०वर येते, कारण मेंदूच्या बुंध्यातून निघणारी व्हेगस नस हृदयाचा लगाम सतत खेचून धरते.

ही नस चेतवली की हृदय मंदावतं, हे वेबर बंधूंनी १८४५ मध्ये दाखवलं. ती हे कसं करते, त्याचा उलगडा ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकांच्या हृदयांवर केला. एका हृदयाची व्हेगस चेतवली आणि त्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं. द्रावणात उतरलेलं रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. त्याचा परिणाम पुढच्या एक-दोन ठोक्यांतच दिसतो आणि ते लगेच नष्टही होतं. याउलट हृदयाचा वेग वाढवणाऱ्या अनुकंपी नसांचा परिणाम जाणवायला काही सेकंद लागतात. म्हणून श्वासागणिक होणारा झटपट फरक हा जवळपास सगळा व्हेगसचा हात असतो, आणि तोच मोजला की मेंदूच्या बुंध्यातून येणारे हुकूम हृदयापर्यंत पोचताहेत का, ते कळतं.

हे हुकूम एकटा बुंधा ठरवत नाही. हायपोथॅलॅमस, अमिग्डला, इन्सुला असे वरचे भाग त्यात सतत ढवळाढवळ करतात. त्यामुळे मेंदूला सूज आली, रक्तस्राव झाला किंवा या भागांना जोडणारे तंतू ताणून तुटले, की त्याचे पडसाद ठोक्यांमध्ये उमटतात. टोकाची स्थिती मेंदूमृत्यूची. तिथे एचआरव्ही जवळजवळ सपाट होते. एरवी नाडी वाढवणारं ॲट्रोपिन टोचलं तरी नाडी हलत नाही, कारण ॲट्रोपिन व्हेगसचा परिणाम अडवतं आणि इथे अडवायला काही उरलेलंच नसतं. एका टोकाला निरोगी माणूस, दुसऱ्या टोकाला हे. डॉक्टरांना खरी गरज असते ती मधल्या रुग्णांबद्दल काही सांगता येण्याची.

ठोक्यांमधल्या अंतरांवरून भाकीत करण्याची कल्पना मेंदूच्या डॉक्टरांची नव्हे. १९६०च्या दशकात प्रसूतितज्ज्ञांच्या लक्षात आलं, की गर्भाची नाडी बिघडण्याआधीच तिच्यातला बारीक चढउतार बदलतो. १९८७ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या आठशेहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात, २४ तासांच्या नोंदीत ज्यांची परिवर्तनशीलता (ठोक्यांमधलं अंतर सरासरीपासून साधारण किती ढळतं, ते) ५० मिलिसेकंदांखाली होती त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण १०० मिलिसेकंदांच्या वर असलेल्यांपेक्षा पाचपटीहून जास्त निघालं. मग २००६ मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातून अपघातग्रस्त अशा २०८८ रुग्णांचा अभ्यास आला. त्यातही चढउतार हरवणं आणि मृत्यू यांचा संबंध दिसला. २०१६ मध्ये केंब्रिजच्या गटाने मेंदूला गंभीर मार लागलेल्यांत कवटीतला दाब, रक्तदाब आणि ठोके एकत्र नोंदवून जवळपास तेच सांगितलं.

यात डॉक्टरांना रस असण्याचं कारण साधं आहे. बेशुद्धी किती खोल आहे ते मोजणारा, १९७४ पासून वापरात असलेला ग्लासगो कोमा स्केल डोळे, बोलणं आणि हालचाल यांवर ३ ते १५ गुण देतो. घशात नळी आणि अंगात झोपेचं औषध असलेल्या माणसाचं बोलणं कसं तपासणार? वय, डोळ्यांच्या बाहुल्यांचा उजेडाला प्रतिसाद, सीटी स्कॅन हे सगळं जोडून अंदाज बांधतातच. पण स्कॅन त्या क्षणाचा असतो, आणि ईसीजीच्या तारा छातीवर आधीच लावलेल्या असतात. रुग्णाकडून काही करून घ्यावं लागत नाही, नोंद रात्रंदिवस मिळते, वेगळा खर्चही फारसा नाही.

मात्र ठोक्यांवर मेंदू सोडून इतरही अनेकांचा हात चालतो. गुंगी आणणारी प्रोपोफॉल आणि मिडाझोलॅम, नाडी मंदावणारे बीटा ब्लॉकर, रक्तदाब टिकवणारं नॉरॲड्रेनलिन ही सगळी औषधं एचआरव्ही बदलतात. वय आणि मधुमेह ती कमी करतात, रक्तात पसरलेला जंतुसंसर्गही करतो. व्हेंटिलेटरने श्वासाची गती ठरवून दिली की श्वासाबरोबरचा चढउतारही तीच गती पकडतो. एट्रियल फिब्रिलेशन हा हृदयाच्या लयीचा विकार असेल तर ठोके कमालीचे अनियमित असतात, पण ती अनियमितता मेंदूच्या हुकमाची नव्हे, आणि ती मोजून हाती येणारा भलामोठा आकडा निव्वळ फसवा असतो. चढउताराच्या संथ भागाला (‘लो फ्रिक्वेन्सी’) जलद भागाने (‘हाय फ्रिक्वेन्सी’) भागून ‘स्वायत्त संतुलन’, म्हणजे वेग वाढवणाऱ्या आणि मंदावणाऱ्या नसांमधला तोल, काढण्याची पद्धत अजून सर्रास दिसते. माझ्या मते तिच्यावर इतका भरवसा टाकायला आधार नाही. मनगटी घड्याळातल्या एचआरव्हीची या नोंदीशी तुलना करण्यातही अर्थ नाही.

आणखी एक अडचण आहे, आणि मला ती औषधांच्या घोळापेक्षा मोठी वाटते. शंभर रुग्णांचा गट पाहिला तर कमी एचआरव्ही असलेल्यांत मृत्यू जास्त, हे खरं. पण त्यातल्या अमुक एका माणसाचं काय होणार, हे त्यातून ठरत नाही. शिवाय अभ्यासांनी बहुतेकदा मोजला तो मृत्यू. कुटुंबाचा प्रश्न वेगळा असतो: तो बोलेल का, स्वतःच्या हाताने जेवेल का, कामावर परतेल का? सहा महिन्यांनंतरची ही स्थिती पहिल्या दोन दिवसांतल्या ठोक्यांवरून सांगणं कितीतरी अवघड. त्यात, आकडा वाईट म्हणून उपचार थांबवले आणि रुग्ण गेला, तर आकडा खरा ठरल्याची नोंद होते. उपचार चालू राहिले असते तर काय झालं असतं, ते कुणालाच कळत नाही. म्हणून उपचार थांबवण्याच्या निर्णयात मी हा आकडा एकटा कधीच बसू देणार नाही. त्याचा खरा उपयोग त्याच रुग्णाची कालची नोंद आणि आजची नोंद ताडून पाहण्यात आहे, तीही औषधांचा डोस तोच असेल तर. चढउतार अचानक आटला, तर कवटीतला दाब, ताप, संसर्ग तपासायला हवा.

जन्मताना ऑक्सिजन कमी पडलेल्या बाळांमध्येही एचआरव्हीचा अभ्यास चालू आहे. अशा बाळाला जन्मानंतर ६ तासांच्या आत थंड करायला सुरुवात करून ७२ तास सुमारे ३३.५ अंश सेल्सिअसवर ठेवतात. निर्णयाला वेळ कमी, त्यामुळे झटपट मिळणारी कुठलीही खूण मोलाची. पण थंडीने नाडी मुळातच मंदावते आणि आकडा पुन्हा गढूळ होतो.

सर्वांत कुतूहलाचं काम मात्र कोमातून बाहेर येऊनही संवाद साधू न शकणाऱ्या रुग्णांवर झालं आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा रुग्णांना ठरावीक क्रमाने आवाज ऐकवले आणि मधेच तो क्रम मोडला. ज्यांच्यात जाणिवेच्या काही खुणा होत्या, त्यांच्या पुढच्या ठोक्याची वेळ क्रम मोडल्यावर किंचित सरकली. ज्यांच्यात त्या नव्हत्या, त्यांच्यात असा बदल दिसला नाही. इथे शांत पडून असतानाची परिवर्तनशीलता मोजलेली नाही. बाहेर काही घडल्यावर मेंदूने हृदयाला काही कळवलं का, हे पाहिलंय. औषधांच्या गोंधळातून वाट काढायला हाच मार्ग जास्त बरा वाटतो, अर्थात रुग्णाला ऐकू येत असेल तर.