पर्मालिंक नुसतं सेव्ह केलं तरी पान का उघडतं?

जळगाव-धुळ्याकडे वर्डप्रेस या वेबसाइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर साइट सांभाळणाऱ्यांना एक तोडगा तोंडपाठ असतो. नवं प्लगिन (जादा सोय देणारा जोड-प्रोग्राम) टाकलं, केळीच्या भावांचा वेगळा विभाग तयार झाला, पण पान उघडायला गेलं की ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. मग कुणीतरी फोनवर सांगतं, "सेटिंग्जमध्ये पर्मालिंक उघड, काही बदलू नको, फक्त सेव्ह कर." (पर्मालिंक म्हणजे पानाचा कायमचा पत्ता.) आणि पान उघडतं!

याचं मूळ १९९६ मध्ये आहे. राल्फ एंगेलशाल यांनी तेव्हा अपाची या वेब सर्व्हरसाठी मॉड-रीराइट हा जोडभाग लिहिला. वाचकाने सुटसुटीत पत्ता मागावा आणि सर्व्हरने आतल्या आत भलतीच फाइल चालवावी, ही सोय त्यातून झाली. २००३ मध्ये आलेल्या वर्डप्रेसने पुढच्याच वर्षी, १.० आवृत्तीत, ती उचलली.

आज अपाचीवर वर्डप्रेसचा मुख्य नियम एवढाच: मागितलेली फाइल किंवा फोल्डर नसेल तर विनंती इंडेक्स डॉट पीएचपीकडे पाठव. तिथून पुढे वर्डप्रेस आपल्याजवळची पत्त्यांच्या नमुन्यांची यादी वरून खाली ताडत जातं आणि पहिला जुळणारा नमुना धरतं. ही यादी दर भेटीला नव्याने बांधणं जड जातं, म्हणून ती डेटाबेसमध्ये साठवलेली असते. गोम इथेच आहे. प्लगिनने नवा विभाग नोंदवला तरी साठवलेली यादी जुनीच राहते. सेव्ह दाबलं की ती पुसून नव्याने लिहिली जाते.

जून २०१० च्या ३.० आवृत्तीने कस्टम पोस्ट टाइप, म्हणजे केळीच्या भावांसारखे आपले वेगळे मजकूर-प्रकार, सर्रास वापरात आणले, आणि यादी ताजी करणारं फ्लश_रीराइट_रूल्स हे फंक्शनही त्याच आवृत्तीतलं. अनेकांनी ते इनिट हुकवर, म्हणजे दर भेटीला चालणाऱ्या टप्प्यावर, टाकलं; म्हणजे प्रत्येक भेटीला यादीची पुनर्बांधणी. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेक साइट) हा निव्वळ अन्याय आहे. प्लगिन सुरू करताना, आधी पोस्ट टाइप नोंदवून, एकदाच फ्लश करावं. बंद करताना पुन्हा एकदा.

मराठी किंवा अहिराणी शीर्षकाचा पत्ता मध्येच तुटतो, त्यावरही लोक सेव्हच दाबत बसतात. ते दुखणं वेगळं आहे. पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, नऊ अक्षरांची जागा खातं आणि मर्यादा २०० अक्षरांची. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. तिथे फ्लश उपयोगाचं नाही. लेख प्रसिद्ध करण्याआधी स्लग (पत्त्यातला शीर्षकाचा भाग) हाताने आखूड करावा.